एपिड्युरलचा एक संच, वर्षभर वापरल्यानंतर

गेलं वर्षभर आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एपिड्युरलसाठी, म्हणजे पाठीतून द्यायच्या भुलीसाठी, एकाच बनावटीचा तयार संच येतो आहे. १८ गेजची टुही सुई (वळलेल्या टोकाची जाड सुई), पोकळी सापडली हे ओळखायची प्लास्टिकची लॉस ऑफ रेझिस्टन्स सिरिंज, टोकाजवळ तीन भोकं असलेलं मऊ कॅथेटर (औषध आत नेणारी बारीक नळी), ते पकडणारा क्लॅम्प, ०.२ मायक्रॉनचा फिल्टर आणि चिकटपट्टी. मी भूलतज्ज्ञ आहे. मधल्या काळात दुसऱ्या बनावटीचे संचही हाताखालून गेले, त्यामुळे तुलना करता येते. निकाल आधीच सांगते. सिरिंज उत्तम आहे, सुई चांगली आहे, क्लॅम्प सुधारायला हवा, आणि कॅथेटर फार चांगलं असलं तरी त्यातून औषध कसं ढकलायचं हे समजून घेतलं नाही, तर त्याचा चांगुलपणा रुग्णापर्यंत पोचत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठीच खरं तर लिहायला बसले आहे.

या क्षेत्राबाहेरचे कुणी वाचत असतील, तर त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पायनलमध्ये सुई मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या आत जाते, दोन-तीन मिली औषध पुरतं आणि काही मिनिटांत पाय जड होतात. एपिड्युरलमध्ये आवरणाला धक्का न लावता त्याच्या बाहेरच्या पोकळीत थांबायचं असतं. त्या पोकळीत चरबी आहे, शिरांचं जाळं आहे आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडणारी नसांची मुळं आहेत. औषधाला या सगळ्यातून वाट काढत वर-खाली पसरायचं असतं आणि मग मुळांमध्ये झिरपायचं असतं. मोठ्या शस्त्रक्रियेला पंधरा-वीस मिलीपर्यंत औषध लागतं आणि पंधरा-वीस मिनिटं धीर धरावा लागतो. तेच औषध, तेवढंच प्रमाण, तोच मणका, तरी दोन वेगवेगळ्या हातांनी दिलेली भूल वेगळी उतरते. मी हे स्वतःच्या हाताने दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

सिरिंजपासून सुरुवात करते. सुईचं टोक पिवळ्या लिगामेंटमध्ये, म्हणजे पोकळीच्या अलीकडच्या चिवट पट्ट्यात, असतं तेव्हा दट्ट्या दाबला तरी आत जात नाही, अंगठ्याला रबरासारखा उलटा रेटा लागतो. लिगामेंट पार झालं की त्याच क्षणी रेटा नाहीसा होतो. आम्ही बोलताना म्हणतो, ‘लॉस आला’. त्या एका क्षणावर सगळं अवलंबून असतं, कारण पुढे काही मिलिमीटरवर आवरण आहे. ही खूण १९३०च्या दशकात इटलीच्या दोलिओत्ती यांनी रूढ केली. त्याआधी १९२१ साली स्पेनचे लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी कमरेतून एपिड्युरल भूल दिल्याचं प्रसिद्ध केलं होतं. इतक्या वर्षांत औषधं बदलली, सुया बदलल्या, पण ती पोकळी सापडते ती अजूनही मुख्यतः अंगठ्यालाच. त्यामुळे दट्ट्या अडखळत सरकत असेल तर माझ्या दृष्टीने तो संच बाद.

या संचाचा दट्ट्या अडखळत नाही. काचेच्या जुन्या सिरिंजमध्ये एक सुंदर हलकेपणा असायचा, पण ती थोडी कोरडी पडली किंवा बोटांची पावडर लागली की चिकटायची, आणि रेटा लिगामेंटचा की काचेचा हे कळायचं नाही. इथे तसं एकदाही झालं नाही. सलाइन भरून सतत दाब ठेवला तरी दट्ट्या सुईच्या प्रत्येक मिलिमीटरला उत्तर देतो. डाव्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या पाठीला टेकवून सुईचे पंख धरायचे, उजव्या अंगठ्याने दाब द्यायचा, आणि पुढे सरकायचं ते डाव्या हाताने. या पकडीत सिरिंज हातात मावते. सात मिलीची आहे, लांबीला बेताची.

हवा की सलाइन, हा आमच्यातला जुना वाद आहे. दोन्हींनी पोकळी सापडते. मी सलाइन वापरते, आणि तेही दोन मिलीच्या आत. हवा जास्त गेली तर पोकळीत बुडबुडे राहतात, औषध त्यांना वळसा घालून जातं आणि एखादं मूळ कोरडंच राहतं. आवरणाला चुकून भोक पडलेलं असेल तर हवा डोक्यापर्यंत जाऊन डोकेदुखी होते. सलाइनचा तोटा एवढाच की सुईतून परत आलेला थेंब सलाइनचा की मणक्यातल्या पाण्याचा, असा घोळ होतो. हाताच्या त्वचेवर थेंब घेतला की मणक्यातलं पाणी कोमट लागतं आणि ग्लुकोजच्या पट्टीवर रंग देतं.

सुईबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हीच तिची तारीफ आहे. टोक वळलेलं आणि पुरेसं बोथट आहे, त्यामुळे एकेक थर जाताना कळतो. अतिधारदार सुईने काही कळतच नाही. सेंटीमीटरच्या खुणा ठळक आहेत. सुई नऊ सेंटीमीटरची, लॉस आल्यावर बाहेर साडेचार उरली म्हणजे आत साडेचार. आतली तार घट्ट बसते. मी टोक डोक्याच्या दिशेला ठेवून आत जाते आणि पोकळीत गेल्यावर सुई फिरवत नाही, कारण फिरवताना आवरण कापलं जाण्याची भीती असते. चांगल्या हातातही शंभरात साधारण एकदा आवरणाला भोक पडतं. एवढ्या जाड सुईच्या भोकानंतर निम्म्याहून जास्त जणांना उठल्यावर डोकं फुटल्यासारखं दुखतं. सुई कितीही चांगली असली तरी हा आकडा डोक्यात ठेवूनच पाठीला हात लावते.

आता कॅथेटर. पण त्याआधी मला माझ्या शिकण्याच्या काळातला एक दिवस सांगायला हवा.

हर्नियाचा रुग्ण होता, चाळिशीचा, धडधाकट. पोकळी मी हवेने शोधली. एका झटक्यात मिळाली नाही, त्यामुळे मिळेपर्यंत सात-आठ मिली हवा आत गेली होती. यादी लांब होती, सर्जन हात धुऊन उभे होते. मी कॅथेटर घातलंच नाही. सुईतूनच पंधरा मिली औषध अर्ध्या मिनिटात सोडलं. सोडता सोडताच ते काका म्हणाले, “मॅडम, पाठीत फुटल्यासारखं होतंय, डोकं जड झालं.” मी म्हटलं, “होईल कमी.” दहा मिनिटांत वरचं रक्तदाबाचं माप सत्तरवर आलं. सलाइन आणि औषधांनी तो वर आणला. पण चीर मारायच्या जागी डाव्या जांघेत एक तळहाताएवढा पट्टा जागाच होता. चिमटा लावला की काका कळवळायचे. शेवटी पूर्ण भूल द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ गेले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, “माझ्या पाठीत काही वेगळं होतं का?” त्यांच्या पाठीत काहीही वेगळं नव्हतं. हे मी त्यांना त्या दिवशी नीट सांगितलं नाही, आणि ते मला आजही बोचतं.

जे झालं त्याची कारणं मला नंतर उमगली. ती पोकळी रिकामी नसते. जोरात औषध ढकललं की तिथला दाब एकदम वाढतो, आवरण आत दबतं आणि त्यातल्या पाण्याचा दाब वर डोक्यापर्यंत पोचतो. काकांचं डोकं म्हणून जड झालं. वेगाने सोडलं म्हणून औषध त्या मानाने फार वर जात नाही, किती वर जाणार हे मुख्यतः एकूण मिली आणि एकूण मात्रा ठरवतात. वेगाने मिळतो तो फक्त धक्का: दाबाचा आणि रक्तदाब कोसळण्याचा. जागा राहिलेला पट्टा बहुधा हवेने राखला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंधराच्या पंधरा मिली एका दमात गेले. सुई शिरेत असती किंवा आवरणाच्या आत असती, तर ते कळेपर्यंत परत घेण्यासारखं काही उरलं नसतं.

म्हणून मी कॅथेटरवर इतका जीव टाकते. १९४७ साली क्यूबाचे मार्टिनेझ कुर्बेलो यांनी टुहीच्या सुईतून मूत्रनलिकेसाठीचं बारीक कॅथेटर या पोकळीत सरकवलं, आणि औषध तुकड्यातुकड्याने देण्याची सोय झाली. बहुतेक जण कॅथेटरकडे लांबलेल्या शस्त्रक्रियेसाठीची सोय म्हणून पाहतात. मला त्याचा मोठा उपयोग पहिल्या वीस मिनिटांतला वाटतो. ते मला थांबायला लावतं.

या संचातलं कॅथेटर मऊ आहे, टोक तर फारच. पूर्वीच्या कडक कॅथेटरांनी शिरेला टोचून रक्त यायचं. मऊ टोकाच्या कॅथेटरांनी ते कमी होतं, आणि या वर्षभरात माझाही तोच अनुभव आहे. मऊपणामुळे सुईच्या वळणावर ते कधीकधी थबकतं, तेव्हा पाच मिली सलाइन आधी सोडून पोकळी जरा उघडली की सरकतं. मी आत चार ते पाच सेंटीमीटर ठेवते. जास्त ठेवलं तर ते वळून एखादं मूळ मणक्यातून बाहेर पडतं त्या खिडकीतून बाहेर जातं आणि एकाच पायाला भूल चढते. आत जात नाही म्हणून ते सुईतून मागे ओढायचं नाही, हे शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी ओरडून सांगते. सुईच्या धारेवर ते कापलं जातं आणि तुकडा आत राहतो. काढायचं तर सुई आणि कॅथेटर दोन्ही एकत्र.

तीन भोकांची गोष्ट मात्र संचाबरोबरच्या पत्रकात एका ओळीनेही नाही, आणि ती असायला हवी होती. ही तिन्ही भोकं शेवटच्या दीड-एक सेंटीमीटरवर आहेत. औषध अगदी हळू, थेंब थेंब ढकललं तर ते जवळच्या, म्हणजे आपल्या हाताकडच्या भोकातूनच बाहेर पडतं. नेटाने ढकललं तरच तिन्हींतून येतं. याचे दोन परिणाम होतात. पहिला चांगला: ठाम, एकसारख्या दाबाने दिलेले पाच मिली थेंब थेंब दिलेल्या पाच मिलीपेक्षा जास्त सारखे पसरतात. बाळंतपणाच्या कळांसाठी सतत धार सोडणाऱ्या पंपापेक्षा ठराविक वेळाने एकदम ठरावीक मात्रा देणारे पंप सरस ठरले आहेत, त्यामागचं एक कारण हेच मानतात.

दुसरा परिणाम धोक्याचा आहे. समजा टोकाचं भोक शिरेत आहे आणि हाताकडचं भोक पोकळीत आहे. मी सिरिंज ओढून पाहिली, रक्त आलं नाही. मऊ कॅथेटर शिरेच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे रक्त न येणं ही काही हमी नव्हे. मग चाचणीची मात्रा (औषध चुकीच्या जागी जात नाही ना, हे पाहायची थोडी मात्रा) दिली, पण भीतभीत, हळू. ती जवळच्या भोकातून पोकळीत गेली. सगळं निर्धोक दिसलं. आता मी निर्धास्त होऊन मोठी मात्रा जोरात दिली, आणि ती टोकातून शिरेत गेली. कानात घुमणं, तोंडात धातूची चव, जीभ बधिर, मग झटके, आणि औषध ब्युपिव्हकेन असेल तर हृदय थांबण्यापर्यंत. म्हणून एकदा चाचणी केली की झालं, असं या कॅथेटरमध्ये मानता येत नाही. प्रत्येक पाच मिली ही नवी चाचणी असते. प्रत्येक वेळी आधी ओढून पाहायचं, मग द्यायचं, मग रुग्णाशी बोलायचं आणि मॉनिटर बघायचा. लिपिड इमल्शनची (अशा विषबाधेवरच्या उताऱ्याची) बाटली थिएटरमध्ये हाताशी आहे ना, हे मी सुई उघडण्याआधी बघते.

मागच्या आठवड्यातली एक केस सांगते. गुडघा बदलायचा होता, आजी ७१ वर्षांच्या, वजन ६२ किलो. बसवून सुई घातली, साडेचारवर लॉस आला, कॅथेटर साडेनऊवर ठेवलं. चिकटपट्टी लावण्याआधी आजींना सरळ बसायला सांगितलं. वाकलेल्या पाठीवर पट्टी लावली तर पाठ सरळ झाल्यावर कॅथेटर ओढलं जातं आणि पोकळीतून निसटू शकतं. मग चाचणीची मात्रा: १.५ टक्के लिग्नोकेन (भुलीचं औषध) ३ मिली, त्यात १५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन. शिरेत गेलं असतं तर मिनिटाभरात नाडी वीसने वाढली असती. आवरणाच्या आत गेलं असतं तर पाच मिनिटांत पाय जड झाले असते. आजी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, घेत होत्या. अशांची नाडी वाढेलच असं नसतं, म्हणून मी वरच्या रक्तदाबावरही डोळा ठेवला. “आजी, कानात काही वाजतंय? ओठ मुंग्या आल्यासारखे?” “नाही गं बाई.” मग २ टक्के लिग्नोकेन ४ मिली, ठाम दाबाने, दहा सेकंदांत. चार मिनिटं थांबले. पुन्हा ४. पुन्हा चार मिनिटं. शेवटी ३. वयस्कांमध्ये तेवढ्याच मिलीत भूल जास्त वर चढते, म्हणून तरुणाला दिले असते त्याहून कमी.

स्पिरिटचा गार बोळा फिरवत गेले. बेंबीपर्यंत गार लागत नव्हतं, मांडी बधिर, पण पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि टाचेला गारवा कळत होता. तिथे जाणारी मुळं शरीरातल्या सगळ्यात जाड मुळांपैकी आहेत, त्यांच्यात औषध झिरपायला वेळ लागतो. सर्जनांनी विचारलं, “अजून किती?” मी म्हटलं, “सात मिनिटं.” ती सात मिनिटं मिळाली, आणि टाचही बधिर झाली. रक्तदाब १३८ वरून ११६ पर्यंत हळूहळू उतरला, एकदाही औषध लागलं नाही. तासाभराने, भूल उतरायच्या आधीच, ५ मिलीचा टॉप-अप (वरची जोड मात्रा) दिला. हाड कापत असताना आजी पडद्यापलीकडून विचारत होत्या की घरी पायऱ्या चढता येतील ना.

एकदा या कॅथेटरने एका बाजूला दगा दिला. डावा पाय पूर्ण बधिर झाला आणि उजवी मांडी जागीच. कॅथेटर एक सेंटीमीटर मागे घेतलं, जागी असलेली बाजू खाली येईल असं कुशीवर वळवलं आणि आणखी ५ मिली दिले. दहा मिनिटांत दोन्ही बाजू सारख्या झाल्या. सुईतूनच सगळं औषध दिलं असतं तर हा मार्गच उरला नसता.

फिल्टरबद्दल एवढंच की तो वापरण्याआधी औषधाने भरून घ्या. नाहीतर पहिल्या मात्रेतला थोडा भाग त्यातच राहतो आणि चाचणीची मात्रा कमी पडते. जोडणीबद्दल मात्र मला या बनावटीचं मनापासून कौतुक आहे. ती नव्या आयएसओ ८०३६९-६ या, मणक्यातल्या भुलीच्या जोडण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची आहे, शिरेतल्या सलाइनच्या सिरिंजला बसतच नाही. एपिड्युरलचं ब्युपिव्हकेन चुकून शिरेत जोडल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. रात्री तीन वाजता थकलेल्या सिस्टरच्या हातून होऊ शकणारी ती चूक इथे होऊच शकत नाही. केवळ या एका कारणासाठी मी जुन्या जोडणीच्या संचाकडे परत जाणार नाही.

तक्रारी दोन. क्लॅम्प नीट मिटला असं वाटतं, पण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबला नाही तर कॅथेटर हळूहळू सुटतं. एका रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर रात्रभर औषधाचा पंप चालू होता आणि तरी दुखत होतं. सकाळी पाहिलं तर चादर ओली. ती रात्र त्या बाईंनी विनाकारण सोसली. तेव्हापासून मी ओढून बघितल्याशिवाय क्लॅम्प सोडत नाही, पण चांगल्या बनावटीत हे तपासायची वेळच येऊ नये. दुसरी तक्रार कॅथेटरवरच्या खुणांची. दहावरच्या दोन रेघा फिक्या आहेत, आणि मंद उजेडात एक की दोन हे कळत नाही. वॉर्डात कॅथेटर काढताना याचा त्रास होतो. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या वेळा सांभाळून काढायचं असतं, आणि काढल्यावर टोक पूर्ण आलं की नाही हे खुणांवरूनच बघायचं असतं.

पुढच्या वर्षासाठीही हाच संच मागवला आहे. कंपनीला खुणा गडद करायला, क्लॅम्प बदलायला आणि पत्रकात तीन भोकांबद्दल लिहायला कळवलं आहे. तोपर्यंत आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: ओढून पाहा, पाच मिली, ठाम हात, चार मिनिटं थांबा, बोला, पुन्हा. परवा नव्या मुलीने पहिलं एपिड्युरल केलं. तिसऱ्या मात्रेच्या आधी तिने सिरिंज ओढली आणि रक्ताची बारीक रेघ आली. पहिल्या दोन्ही वेळा काहीच आलं नव्हतं. तिने सिरिंज खाली ठेवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.